अंगावर काढलेलं दुखणं

(नागपुरात महिला गटांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

आपल्या भाषेत ‘दुखणं अंगावर काढणं’ असा एक वाक्प्रचार आहे. ताप अंगावर काढला, बाळंतपणातलं दुखणं अंगावर काढलं, कंबर अंगावर काढली. बहुतेक वेळा तो बाईबद्दल वापरला जातो, आणि तोही कौतुकानं. ‘फार सोशिक हो! सगळं अंगावर काढलं, पण कधी तोंडातून शब्द नाही काढला.’ मी गेली पंचवीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. तेवढ्या अनुभवावरून सांगते, अंगावर काढलेलं दुखणं अंगातून जात नाही. ते गुडघ्यात राहतं, मानेत राहतं, कंबरेत राहतं. आणि बाई माझ्यासमोर येते ती दहा वर्षांनी, जमिनीवरून उठताना भिंत धरावी लागते तेव्हा.

आपल्या बैठकांमध्ये आपण कायद्यावर बोलतो, हिंसेवर बोलतो, रेशन-पाण्यावर बोलतो. त्यानंतर चहा येतो आणि मग गुडघे, खांदे, टाचा यांच्या गोष्टी निघतात. म्हणजे या दुखण्याला आपण विषय मानलेलं नाही, गप्पा मानलेलं आहे. आज मला ते चहाच्या कपातून काढून बैठकीच्या सतरंजीवर मांडायचं आहे. फिजिओथेरपी म्हणजे काय, कष्टकरी बाईचं अंग का दुखतं, आणि आपल्या गटांनी त्याचं काय करायचं, एवढं मी सांगणार आहे.

ही विद्या बायकांनी उभी केली

फिजिओथेरपी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी येतात, मालिश आणि मशीन. ‘मॅडम, तेवढा करंट लावून द्या, बरं वाटते,’ असं मला रोज कोणी ना कोणी म्हणतं. शेक, करंट, अल्ट्रासाउंड यांनी काही वेळ आराम पडतो. त्या आरामाचा उपयोग करून घ्यायचा असतो तो हालचालीसाठी. कारण आमचं खरं औषध हालचाल हेच आहे. कुठला सांधा आखडला, कुठला स्नायू दुबळा झाला, कुठला जास्तीचा भार ओढतो आहे हे तपासायचं, आणि योग्य हालचाल, योग्य मापात, योग्य क्रमानं परत शिकवायची. गोळी डॉक्टर देतात आणि पेशंट गिळते. इथे मात्र पेशंटलाच औषध तयार करावं लागतं, स्वतःच्या अंगानं.

या शास्त्राचा इतिहास आपल्याला माहीत असावा. १८९४ साली इंग्लंडमध्ये मालिशच्या नावाखाली चालणाऱ्या धंद्यांवरून मोठा गदारोळ झाला. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या, शिकलेल्या परिचारिकांचीही त्यात बदनामी होऊ लागली. तेव्हा चार परिचारिका एकत्र आल्या आणि त्यांनी प्रशिक्षित मालिशकार स्त्रियांची संस्था काढली, शिक्षणाचे आणि परीक्षेचे नियम घातले. आजची ब्रिटनमधली फिजिओथेरपिस्टांची संघटना त्यातूनच वाढली. पुढे ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ केनी या परिचारिकेनं पोलिओच्या मुलांचे हातपाय पट्ट्यांमध्ये बांधून ठेवण्याऐवजी गरम लोकरीच्या घड्यांनी शेकून हलते ठेवायला सुरुवात केली. मोठमोठ्या डॉक्टरांनी तिला विरोध केला. पण पोलिओच्या उपचाराची दिशा तिनं बदलली.

आपल्याकडेही या शिक्षणाची सुरुवात पोलिओपासूनच झाली. १९५२ साली मुंबईत पोलिओची साथ आली. त्यानंतर केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. देशातली ही पहिली. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आता आमच्याकडे लकवा झालेले, अपघातात हाडं मोडलेले, ऑपरेशन झालेले लोक येतात. पण सर्वांत लांब रांग असते ती कंबर, मान, खांदा आणि गुडघा दुखणाऱ्यांची. त्या रांगेत बायका किती असतात ते एकदा ‘मेडिकल’ला किंवा ‘मेयो’ला जाऊन बघा.

दिवस विचारल्याशिवाय दुखणं कळत नाही

माझ्याकडे बाई आली की मी आधी ‘कुठं दुखतं’ विचारते, आणि लगेच दुसरा प्रश्न विचारते, ‘सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय करता?’ बाया गोंधळतात. ‘काही नाही करत, घरीच असते,’ म्हणतात. मग एकेक काढत गेलं की नळावरून पंधरा लिटरच्या आठ बादल्या निघतात, उकिडवं बसून धुतलेले कपडे निघतात, सासूला उचलून बसवणं निघतं, रात्री बारापर्यंत वळलेल्या विड्या निघतात. काहीच न करणाऱ्या बाईनं दिवसाला शंभर-सव्वाशे किलो वजन उचललेलं असतं.

विड्या वळणारी बाई घ्या. मांडीवर सूप, मान खाली, दोन्ही हात सतत चालू. आपलं डोकं चार-पाच किलोंचं असतं. मान सरळ असली की तो भार मणक्यांवर तोलला जातो. मान पुढे झुकली की मानेमागच्या स्नायूंना तो दोरीसारखा ओढून धरावा लागतो. स्नायू सतत आवळलेला राहिला की त्यातला रक्तपुरवठा कमी पडतो, तो थकतो आणि दुखायला लागतो. हजार विड्यांचा हिशोब पूर्ण होईपर्यंत त्याला सुटी नाही. कुही-मांढळकडे मिरची सातऱ्यावर देठ खुडणाऱ्या बाया, गोळीबार चौक-तांडापेठ भागातल्या विणकरांच्या घरात कांड्या भरणाऱ्या बाया, भंडारा-गोंदियाकडे रोवणीला दिवसभर ओणव्या असणाऱ्या बाया, प्रत्येकीच्या दुखण्याचा नकाशा वेगळा. पण कारण एकच. एकच स्थिती, तासन्‌तास, विश्रांतीशिवाय.

लक्षात घ्या, वाकणं वाईट नाही. उकिडवं बसणंही वाईट नाही. त्यानं कंबर आणि खुबे मोकळे राहतात. पण पाच घरचा पोछा उकिडवं बसून मारायचा, आणि मधे उठून पाय ताणले तर ‘कामचुकार’ ऐकायचं, यानं गुडघा झिजतो. आपलं शरीर कामासाठीच बनलेलं आहे. त्याला स्थिती बदलायची मुभा मात्र हवी असते. ओणवं काम करणाऱ्या बाईनं दर अर्ध्या तासानं उभं राहून, कमरेवर हात ठेवून पाच वेळा हळूच मागे वाकावं. बैठं काम करणाऱ्या बाईनं हनुवटी आत घेऊन मान सरळ करावी, खांदे मागे फिरवावे. दोन मिनिटांचं काम आहे. बादली उचलताना ती अंगाजवळ घ्यावी, कारण वजन अंगापासून जितकं लांब तितका कंबरेवरचा ताण कित्येक पटींनी वाढतो. एक मोठी भरलेली बादली एका हातात नेण्यापेक्षा दोन हातांत दोन अर्ध्या बऱ्या.

आता ‘गॅप’बद्दल. ‘माझ्या मणक्यात गॅप आला,’ ‘हाड झिजलं’, ‘गादी सरकली’ हे शब्द बायकांच्या मनात भीती घालून बसतात. फोटो निघाला, त्यात झीज दिसली, की बाई म्हणते आता आयुष्यभराचं झालं. अजिबात कंबर न दुखणाऱ्या चाळिशीतल्या माणसांचे एमआरआय काढले, तरी निम्म्याहून जास्त जणांच्या मणक्यांमधल्या गाद्यांची झीज दिसते. म्हणजे फोटोत दिसते ती झीज आणि आपल्याला होतं ते दुखणं यांचं नातं सरळ नसतं. केस पांढरे होतात, तशी काही झीज वयानुसार होतच असते. पूर्वी कंबरदुखीला महिनाभर अंथरुणावर पडून राहायला सांगत. आता शास्त्र सांगतं की झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवणारी माणसं लवकर बरी होतात. पट्टा दोन-चार दिवस आधार म्हणून ठीक आहे. वर्षानुवर्षं बांधला तर आतले स्नायू आयते बसून राहतात आणि आणखी दुबळे होतात.

गुडघ्याचंही तसंच. पाळी गेल्यानंतर बायकांत गुडघ्याची झीज पुरुषांपेक्षा जास्त आढळते. ‘वयाचं आहे, चालायचंच’ म्हणून सगळे हात झटकतात. पण मांडीच्या पुढचा स्नायू हा गुडघ्याचा आधार आहे. तो बळकट केला की त्याच झिजलेल्या गुडघ्यानं बाई जास्त चालू शकते, कमी दुखून. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती खाली दाबायची. पाच सेकंद धरायची, दहा वेळा. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. मग खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठायचं-बसायचं. सहा-आठ आठवडे नेमानं केलं तर फरक दिसतो. वजन एक किलो कमी झालं, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. काहींना ऑपरेशन लागतंच. पण नवा गुडघा बसवल्यावरही त्याला चालायला शिकवावंच लागतं, तेव्हा व्यायाम काही सुटत नाही.

कंबर दुखते, तर पिशवी काढा?

आता जरा अवघड विषय. बाईची कंबर दुखते म्हटल्यावर आपल्याकडे बोट जातं गर्भाशयाकडे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या शस्त्रक्रियांवरून मोठी चर्चा झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. यामागे मुकादमाची उचल आहे, खाडा झाला की कापला जाणारा दंड आहे, फडावर संडास-न्हाणीघर नसणं आहे, डॉक्टरांनी दाखवलेली कॅन्सरची भीती आहे. आणि यामागे दुखणारी कंबर, ओटीपोट आणि अंगावरून पांढरं जाणंही आहे. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या बाईची कंबर दुखते, आणि आपण तिच्या डोक्यावरची मोळी न उतरवता तिचं गर्भाशय उतरवतो. बीजकोशही काढले, तर तिचं पाळी जाणं अकाली येतं, हाडं लवकर ठिसूळ होतात, आणि कंबर पुढे आणखी दुखते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि जगभर गाजला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. म्हणून ‘कंबर दुखते म्हणजे पिशवीच खराब’ हे जितकं चूक, तितकंच ‘सगळं स्नायूंचंच आहे, व्यायाम करा’ हेही चूक. आधी नीट तपासणी, हा बाईचा हक्क आहे. जंतुसंसर्ग असेल तर त्याला औषध. स्नायूंचं असेल तर व्यायाम. कापाकापी सर्वांत शेवटी, आणि तिला सगळं समजावून सांगून, तिच्या मर्जीनं.

आणि आपण बायकाच बसलो आहोत म्हणून हेही बोलते. खोकलं, शिंकलं, हंडा उचलला की थेंबभर लघवी गळते, हे इथल्या कितीजणींना होतं? हात वर करू नका, मला ठाऊक आहे. ओटीच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. बाळंतपणांनी आणि वजन उचलून ती सैल पडते. मग लघवी गळते, पुढे कधी अंग बाहेर येतं. बाया घराबाहेर पडणं सोडतात, मोर्चाला येत नाहीत, एसटीत बसत नाहीत, पाणी पीत नाहीत. कारण कुणालाच सांगत नाहीत. या झोळीलाही व्यायाम आहे. वारा रोखून धरताना आपण जी जागा आवळतो, ती आत-वर ओढून घ्यायची. श्वास चालू ठेवायचा, पोट-मांड्या ढिल्या. पाच सेकंद धरायचं, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाकरी थापतानाही होतं, कुणाला कळतही नाही. लघवी करताना मात्र हा व्यायाम करायचा नाही. तीन महिने नेटानं केलं, तर गळणं पुष्कळ कमी होतं. अंग बाहेर येण्याची सुरुवात असेल तर त्यातही आराम पडतो. जास्त असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं.

व्यायामाचा कागद आणि घरातली जागा

आम्ही पेशंटच्या हातात व्यायामाचा कागद देतो. त्यावर चित्रं असतात, ‘दिवसातून दोनदा, पंधरा मिनिटं’ असं लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी विचारलं, ‘केलं का?’ तर मान खाली. एका बाईनं मला सरळ सांगितलं, ‘मॅडम, खोलीत पाठ टेकवाले जागा नाई, पाय कुठं उचलू?’ तिच्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं होती. तिला आम्ही भिंतीला टेकून उभ्यानं करायचे व्यायाम बसवून दिले, आणि ते तिनं केले. पण जागेपेक्षाही मोठी अडचण असते वेळेची. पंधरा मिनिटं स्वतःसाठी आडवं पडलेली बाई घराला खुपते. सासू म्हणते, ‘आमच्या वेळी नव्हते असे थेरं.’ नवरा म्हणतो, ‘व्यायाम काय करते, काम कमी पडते का?’ कामात व्यायाम होतो हा फार मोठा गैरसमज आहे. कामात तेच ते थकलेले स्नायू वापरले जातात. दुबळे पडलेले स्नायू दुबळेच राहतात.

आणखी एक गोष्ट मी वर्षानुवर्षं बघते. पुरुष उपचाराला येतो तेव्हा सोबत बायको असते. तिच्या हातात फाइल असते, व्यायाम ती लक्षात ठेवते, घरी शेक ती देते. बाई येते ती एकटी. तीन दिवस येते आणि बंद होते. मुलाची परीक्षा, नणंदेचं बाळंतपण, मालकिणीनं सुटी दिली नाही, ऑटोला पैसे नाहीत. बाह्यरुग्ण विभागाची वेळ सकाळची, आणि सकाळ म्हणजे बाईच्या कामाची ऐन घाई. गावच्या पातळीवर तर ही सेवा क्वचितच पोचते. म्हणजे उपचार आहे, पण तो घ्यायला बाईला वेळ, जागा, पैसा आणि परवानगी, चारही कुणाकडून तरी मागून आणावं लागतं. मैत्रिणींनो, इथे दवाखान्याचं काम संपतं आणि आपलं सुरू होतं.

गटांनी काय करायचं

पुढच्या बैठकीत एक साधी गोष्ट करा. मोठ्या कागदावर बाईच्या शरीराची आकृती काढा, पुढून आणि मागून. प्रत्येकीनं आपलं जिथं दुखतं तिथं लाल पेनानं ठिपका द्यायचा. नाव लिहायचं नाही, फक्त काम लिहायचं. विडीवाल्या बायांचे ठिपके मानेवर आणि खांद्यावर गोळा होतील, मोलकरणींचे गुडघ्यावर आणि हाताच्या बोटांवर, रोवणीवाल्यांचे कंबरेवर. तोपर्यंत जिला वाटत होतं की ‘माझंच नशीब फुटकं’, ती तो कागद बघेल आणि म्हणेल, हे तर सगळ्यांचंच आहे. जगभर कामगार संघटना ही पद्धत वापरतात. मालकापुढे, नगरसेवकापुढे, कामगार खात्यापुढे ठेवायला यापेक्षा सोपा पुरावा नाही.

हे मागणं नवं नाही. याच नागपुरात २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली होती. हजारो बाया आल्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं बोलले. गिरण्यांत, विडी कारखान्यांत, नगरपालिकेत, रेल्वेत राबणाऱ्या बायांना रजा मिळावी, काम करताना इजा झाली तर भरपाई मिळावी, म्हातारपणी पेन्शन मिळावं, असे ठराव तिथं झाले. बाईच्या शरीराची झीज ही हिशोबात धरायची गोष्ट आहे, हे त्या बायांनी तेव्हा मांडलं होतं. पुढे १९६६ साली विडी कामगारांसाठी कायदा झाला. नागपुरात डॉ. रूपा कुलकर्णींनी विदर्भ मोलकरीण संघटना उभी केली, राज्यभर अशा संघटना झगडल्या, आणि २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आला. तरीही आज एखादी बाई घसरून पडली तर तिला इजा म्हणतात, आणि वीस वर्षं वाकून तिची पाठ आखडली तर त्याला ‘बाईचं दुखणं’ म्हणतात.

आपल्यापैकी अनेकींच्या घरी कामाला बाई येते. सुरुवात तिथून करा. तिला दांड्याचा पोछा द्या. भांडी घासायला बसायचा स्टूल द्या, नाहीतर ओट्यावर उभ्यानं घासू द्या. कपड्यांची बादली जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवा. गुडघ्याच्या व्यायामाला आठवडाभर जायचं असेल तर पगार न कापता सुटी द्या. बाहेर मोर्चात एक आणि घरात दुसरं, असं चालणार नाही.

बचत गटाची बैठक असेल तेव्हा पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांनी मिळून व्यायाम करायचा. घरी जो वेळ मिळत नाही तो गटात मिळतो, आणि चारचौघींत केलेला व्यायाम सुटत नाही. महिन्यातून एकदा, संध्याकाळच्या वेळी, वस्तीत फिजिओथेरपिस्ट यावी अशी मागणी महापालिकेकडे करा. आमच्या व्यवसायातल्या तरुण मुलींनाही बोलवा, त्यांना वस्ती दाखवा. त्या येतील.

उपचाराला जाताना काही हक्क लक्षात ठेवा. समोरच्याची राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारा. बोर्ड लावून मशीन चालवणारे पुष्कळ आहेत. आमच्या कामात अंगाला हात लावावा लागतो, कधी कपडे बाजूला करावे लागतात. का लावायचा, कुठं लावायचा हे आधी सांगायला हवं. पडदा हवा. बाई थेरपिस्ट किंवा सोबत कुणी बाई असावी असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. नको वाटलं तर ‘थांबा’ म्हणा. आणि पंधरा दिवस नुसतं मशीन लावून व्यायाम शिकवलाच नाही, तर विचारा, ‘मी घरी काय करायचं?’

काही दुखणी मात्र व्यायामाच्या भरवशावर ठेवायची नाहीत. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली शक्ती कमी झाली, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. ताप येत असेल, वजन घटत असेल, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल, किंवा म्हातारी बाई पडली आणि मग दुखायला लागलं, तर आधी डॉक्टरांची तपासणी.

शेवटी एवढंच सांगते. माझ्या शास्त्राला मर्यादा आहेत. मी बाईची कंबर बळकट करून देऊ शकते. पण तिच्या वस्तीत नळ आणू शकत नाही, तिची मजुरी वाढवू शकत नाही, तिच्या नवऱ्याला बादली उचलायला लावू शकत नाही. बळकट केलेली कंबर परत त्याच ओझ्याखाली घालायची असेल, तर माझी मेहनत आणि तिची मेहनत दोन्ही फुकट जातात. म्हणून उपचार आणि संघटना एकमेकींचा हात धरून चालायला हव्यात. तुम्ही नळासाठी भांडाल, तेव्हा ती कंबरेचीही मागणी आहे हे त्यात लिहा.

फार वेळ मी तुम्हाला एकाच जागी बसवून ठेवलं आहे, आणि तासभर मी त्याच्याविरुद्धच बोलते आहे. उठा सगळ्याजणी. बॅगा खाली ठेवा. पाय खांद्याएवढे लांब, हात कमरेवर. आता हळूच मागे वाकायचं, पाच वेळा. जिला दुखतं तिनं तेवढ्यावरच थांबायचं, आणि दुखतं हे मोठ्यानं सांगायचं.